तार तुटलेली नाही, तरी काम अडलं! – स्टोरेज नेटवर्कचे स्विच आणि त्यांचं नवं सॉफ्टवेअर



आज जरा वेगळा विषय घेऊया. मोबाईल, इंटरनेट, वाय-फाय यांबद्दल सगळेच बोलतात. पण मोठ्या बँकेचा किंवा मोठ्या रुग्णालयाचा डेटा ज्या यंत्रांत साठवलेला असतो, त्या यंत्रांपर्यंत जाणाऱ्या रस्त्याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. त्या रस्त्यावरचे चौक म्हणजे स्विच. आणि त्या चौकांवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदललं आहे. काय बदललं, आणि मुख्य म्हणजे बदलायची गरज का पडली, हे आज समजून घेऊ.

आयटीआय, पॉलिटेक्निक, बीसीएस करणाऱ्या मुलांना याचा थेट उपयोग आहे. ऐरोली, महापे, पनवेल या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिली आहेत आणि तिथे रात्रपाळीला बसणारी कितीतरी मुलं मराठी शाळांतूनच गेलेली आहेत. हातात येणारी पुस्तकं मात्र सगळी इंग्रजीत. म्हणून हा प्रपंच.

सॅन म्हणजे काय?

आपल्या घरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क त्याच्या पोटातच असते. मोठ्या संस्थेत तसं ठेवून चालत नाही. तिथे हिशेब करणारे सर्व्हर वेगळ्या कपाटात आणि डिस्कची मोठमोठी यंत्रं वेगळ्या कपाटात असतात. म्हणजे एक सर्व्हर बिघडला तरी डेटा सुरक्षित राहतो, आणि दुसरा सर्व्हर तोच डेटा घेऊन काम पुढे नेतो. या दोन कपाटांना जोडणारं जे खास नेटवर्क, त्याला स्टोरेज एरिया नेटवर्क म्हणतात. लघुरूप सॅन.

सॅनमध्ये बहुतेक ठिकाणी जी भाषा बोलली जाते तिचं नाव फायबर चॅनेल. तिचं पहिलं मानक १९९४ साली मंजूर झालं. सॅनमध्ये सुरुवातीला वेग होता सेकंदाला १ गिगाबिट. मग २, ४, ८, १६, ३२, ६४ असा तो दुप्पट-दुप्पट होत गेला. पाढा म्हणायला सोपा आहे! हे स्विच बनवणारी दोन नावं मोठी. एक ब्रोकेड, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची कंपनी. ती १९९५ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रॉडकॉमने तिला विकत घेतलं. दुसरं नाव सिस्को. त्यांची एमडीएस ९००० ही मालिका २००२ पासूनची.

एका सपाट स्विचची उंची जेमतेम साडेचार सेंटिमीटर असते आणि तेवढ्यात ६४ पोर्ट बसतात. ब्रोकेडचा जी७२० हा असाच स्विच आहे. त्याहून मोठे, कपाटाएवढे स्विच म्हणजे डायरेक्टर. एक्स७-८ या डायरेक्टरमध्ये आठ पट्ट्या बसतात, प्रत्येकीवर ४८ पोर्ट. आठ गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे ३८४. हे सगळे स्विच एकमेकांना जोडले की जे विणकाम तयार होतं त्याला फॅब्रिक म्हणतात. शब्द अगदी योग्य आहे, कापडासारखे उभे-आडवे धागे.

आणि एक महत्त्वाचं. अशी फॅब्रिक सहसा दोन असतात, अ आणि ब, एकमेकांपासून पूर्ण वेगळी. प्रत्येक सर्व्हरला दोन कार्डं, एक अ मध्ये आणि एक ब मध्ये. अ मधली तार तुटली तर सर्व्हर गुपचूप ब ने काम चालू ठेवतो. वापरणाऱ्याला कळतही नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी, की तुटलेल्या तारेवर हा उपाय चालतो. मंद झालेल्या तारेवर चालत नाही.

पंगतीतला वाढपी

हा भाग नीट वाचा. पुढचं सगळं यावर उभं आहे.

साध्या नेटवर्कमध्ये, म्हणजे आपल्या इंटरनेटवर, वाटेत जागा नसेल तर डेटाचं पाकीट सरळ टाकून दिलं जातं. पाठवणारा थोड्या वेळाने ते पुन्हा पाठवतो. व्हिडिओ क्षणभर अडकतो, आपण वैतागतो, काम पुढे सरकतं. डिस्कचा डेटा असा टाकून देणं परवडत नाही. म्हणून फायबर चॅनेलने सुरुवातीपासून वेगळा नियम ठेवला आहे: समोर जागा आहे असं कळल्याशिवाय पाठवायचंच नाही.

पंगत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पाहुण्यापुढे आठ वाट्या आहेत. वाढपी आठ वाट्या भरतो आणि थांबतो. पाहुण्याने एक वाटी रिकामी करून पुढे केली की वाढपी एक भरतो. सांडणं नाही, वाया जाणं नाही. या रिकाम्या वाटीला फायबर चॅनेलमध्ये क्रेडिट म्हणतात. तार जोडली की दोन्ही टोकं आधी आपापसांत ठरवतात, तुझ्याकडे किती वाट्या, माझ्याकडे किती. मग एक फ्रेम गेली की एक क्रेडिट कमी. पलीकडून 'वाटी रिकामी झाली' असा छोटा निरोप आला की एक क्रेडिट वाढ. क्रेडिट शून्यावर आलं की पाठवणं बंद.

अंतर वाढलं की वाट्याही वाढवाव्या लागतात, कारण प्रकाश कितीही वेगवान असला तरी निरोप परत यायला वेळ लागतो. पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी ढोबळ हिशेब असा: वेग गिगाबिटमध्ये घ्या, त्याला २ ने भागा, अंतराच्या किलोमीटरने गुणा. १६ गिगाबिटची तार १० किलोमीटर लांब असेल तर ८ गुणिले १०, म्हणजे ८० क्रेडिट हवीत. कमी दिली तर तार धडधाकट असूनही अर्धा वेळ नुसती वाट बघत बसते.

आता पंगतीत एक पाहुणा गप्पांत रंगलाय असं समजा. वाट्या भरलेल्या, तो जेवतच नाही. वाढपी बादली घेऊन त्याच्यापुढे उभा. बादलीत पुढच्या पाहुण्यांचंही वाढप आहे, त्यांना भूक आहे, वाट्या रिकाम्या आहेत, पण वाढपी पुढे सरकेल तेव्हा ना! त्याच्यामागे दुसरा वाढपी थांबलेला, त्यामागे तिसरा, आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दारात गर्दी.

सॅनमध्ये नेमकं हेच होतं. एक सर्व्हर डेटा मागतो, पण आलेला डेटा उचलायला मंद. त्याच्या फ्रेम स्विचमध्ये साचतात. मग दोन स्विचमधल्या सामाईक तारेची क्रेडिट संपतात. आणि त्याच तारेवरून जाणाऱ्या दुसऱ्या, अगदी चपळ सर्व्हरचा डेटाही अडतो. याला स्लो ड्रेन म्हणतात. आपण 'तुंबलेली मोरी' म्हणूया, लगेच लक्षात येईल.

यात खरी गोम अशी की तक्रार भलत्याकडूनच येते. मंद सर्व्हर कदाचित रात्रीचा बॅकअप घेणारा असतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. ओरडतो तो शेजारचा, बँकेची दिवसअखेरची कामं करणारा. मग सगळे त्याच्या मागे लागतात: त्याची तार बदला, कार्ड बदला, डेटाबेस तपासा. सापडत काहीच नाही, कारण दोष तिथे नाहीच. वर्गात खोड काढणारा शांत बसलेला असतो आणि 'आई गं' म्हणणारा उभा राहतो, हे आम्हा शिक्षकांना काही नवीन नाही.

आणि फ्रेम कायम अडवून ठेवता येत नाही. सिस्कोच्या स्विचमध्ये मूळ मुदत ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद. तेवढ्यात पुढे जाता आलं नाही तर ती फ्रेम टाकून द्यावी लागते. म्हणजे जे होऊ नये म्हणून सगळी व्यवस्था केली तेच होतं. पुढचा हिशेब बघा. लिनक्स सर्व्हर डिस्कच्या एका आज्ञेच्या उत्तरासाठी सहसा ३० सेकंद थांबतो, त्यानंतरच पुन्हा प्रयत्न करतो. अर्ध्या सेकंदाच्या अडथळ्याची किंमत अर्धा मिनिट! रुग्णालयात डॉक्टर एक्स-रे उघडायला बसले असतील, तर ते अर्धं मिनिट फार मोठं असतं.

जुनं सॉफ्टवेअर काय दाखवायचं?

सुरुवातीला प्रत्येक स्विचमध्ये शिरून आज्ञा टाइप करायच्या. मग चित्रांची साधनं आली. ब्रोकेडच्या बाबतीत सांगायचं तर वेब टूल्स, मग फॅब्रिक मॅनेजर, मग डेटा सेंटर फॅब्रिक मॅनेजर, मग नेटवर्क अॅडव्हायझर. ही साधनं जावावर चालायची. कॉम्प्युटरवर जावाची नेमकी आवृत्ती नसली की पडदाच उघडत नसे, आणि ज्यांनी हे भोगलं आहे ते आजही त्याबद्दल तळमळून बोलतात.

पण खरी मर्यादा दुसरी होती. ही साधनं ठरावीक अंतराने, साधारण दर पाच मिनिटांनी, स्विचला विचारायची, 'बाबा रे, किती डेटा गेला?' आणि त्याची सरासरी काढायची. आता पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. त्यातले १० सेकंद एखादा पोर्ट शंभर टक्के भरलेला आणि बाकी वेळ रिकामा असेल, तर सरासरी येते ३.३ टक्के. आलेखावर पोर्ट निवांत झोपलेला दिसतो. महिन्याच्या पावसाची सरासरी बरी दिसते, पण पेरणीनंतरचे वीस दिवस कोरडे गेलेले असतात. शेतकऱ्याला सरासरी सांगून उपयोग नाही.

नवीन काय आलं?

ब्रोकेडने नेटवर्क अॅडव्हायझरच्या जागी सॅननॅव्ह नावाचं सॉफ्टवेअर आणलं. ते ब्राउझरमध्ये उघडतं, जावाची कटकट नाही. स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर म्हणजे फॅब्रिक ओएस, त्याच्या ९.० आवृत्तीत स्विचचा स्वतःचा वेब पडदाही जावाशिवाय चालू लागला. ही आवृत्ती २०२० मध्ये ६४ गिगाबिटच्या, जेन ७ म्हणवल्या जाणाऱ्या यंत्रांबरोबर आली. हा बदल दिसायला मोठा, पण माझ्या मते तो वरवरचा. आतले बदल जास्त मोलाचे आहेत.

पहिला म्हणजे विचारण्याऐवजी सांगणं. आता स्विच स्वतःहून आकडे सतत पाठवत राहतो. याला स्ट्रीमिंग टेलिमेट्री म्हणतात. शिक्षकाने महिन्यातून एकदा वही तपासायची की मुलाने रोज दाखवायची, असा हा फरक. एखाद्या पोर्टबद्दल शंका आली तर सॅननॅव्हमध्ये तपास करण्याची वेगळी सोय आहे. त्या पोर्टचे मागचे-पुढचे आलेख एकाखाली एक लावून, 'नेमकं किती वाजता काय झालं' हे बघता येतं. तुंबलेल्या मोरीच्या बाबतीत वेळ जुळवणं हाच अर्धा तपास असतो.

दुसरा बदल मोजायच्या गोष्टीत झाला. किती डेटा गेला यापेक्षा, किती वेळ नुसतं थांबावं लागलं हे बघायचं. ब्रोकेडच्या प्रत्येक पोर्टला एक मोजणी असते: क्रेडिट शून्य असताना आणि पाठवायला फ्रेम तयार असताना गेलेला वेळ. ती दर २.५ मायक्रोसेकंदाला एकने वाढते. एका सेकंदात असे ४,००,००० ठोके. एखाद्या पोर्टवर एका सेकंदात ८०,००० ठोके वाढले, तर तो पोर्ट सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे २० टक्के वेळ हात बांधून उभा होता. ही मोजणी जुनीच आहे, पण पूर्वी ती आज्ञा टाइप करून, दोनदा वाचून, कागदावर वजाबाकी करून काढावी लागे. रात्री दोन वाजता, समोर साहेब उभे असताना, कोण वजाबाकी करणार?

आता हे काम स्विचच करतो. फॅब्रिक ओएस ७.२ पासून मॅप्स नावाची पहारा व्यवस्था आली. तिच्यात नियमांचे तयार संच असतात: सौम्य, मध्यम आणि कडक. पुढे तिच्यात मंद पोर्ट ओळखायची सोय आली आणि त्याची प्रतवारीही होऊ लागली. एक पायरी 'कामावर परिणाम होतोय', त्यावरची पायरी 'फ्रेम गळण्याची वेळ आली आहे'. पडद्यावर ओरडणाऱ्या सर्व्हरचं नाव न येता अडवणाऱ्याचं नाव येतं. मला विचाराल तर सगळ्या नव्या गोष्टींत हीच एक अशी आहे की जिच्यामुळे माणसांचे रात्रीचे तास वाचतात, आणि निर्दोष विभागाला बोलणी बसत नाहीत.

अडवणारा सापडला, पुढे काय? फॅब्रिक ओएस ७.४ पासून त्याला बाजूला काढायची सोय आहे. दोन स्विचमधल्या तारेत आतून वेगवेगळ्या मार्गिका असतात. मंद सर्व्हरकडे जाणाऱ्या फ्रेम कमी महत्त्वाच्या मार्गिकेत ढकलल्या जातात. पंगतीत म्हणायचं तर त्या गप्पिष्ट पाहुण्यासाठी वेगळा वाढपी दिला. तो त्याच्यापुढे हवा तेवढा वेळ उभा राहो, बाकीची पंगत उठत नाही. लक्षात घ्या, यामुळे मंद सर्व्हर चपळ होत नाही. फक्त शेजारी वाचतात. तो सुधारला की त्याला परत मुख्य मार्गिकेत आणता येतं.

सिस्कोने याच दुखण्यावर वेगळा उपाय काढला, आणि तो मला फार आवडतो. पुष्कळदा सर्व्हर आळशी नसतो, अधाशी असतो. त्याची स्वतःची तार ८ गिगाबिटची जुनी, आणि मागणी करतो ३२ गिगाबिटच्या स्टोरेजकडे. वाटी लहान, भूक मोठी. अशा वेळी येणाऱ्या डेटाला अडवण्याऐवजी सिस्कोचा स्विच त्या सर्व्हरकडून निघणाऱ्या रहदारीवरच मर्यादा घालतो. 'डेटा वाचायचा आहे' ही मागणीच हळू गेली, की उत्तरंही सावकाश येतात आणि कोंडी होत नाही. हे एमडीएसच्या ८.५(१) आवृत्तीपासून आलं. सिस्कोचं व्यवस्थापन सॉफ्टवेअर आधी डेटा सेंटर नेटवर्क मॅनेजर या नावाने होतं. पुढे त्याचं नाव नेक्सस डॅशबोर्ड फॅब्रिक कंट्रोलर झालं. नावं इतकी लांब का ठेवतात कोण जाणे.

तिसरा बदल म्हणजे स्विच आता सर्व्हरला सांगतो. वर आपण म्हटलं की तार तुटली तर सर्व्हर अ वरून ब वर जातो. तार मंद असेल तर तो जात नाही, कारण त्याच्या दृष्टीने अ चालूच आहे. तब्येत बिघडलेली स्विचला दिसते, सर्व्हरला नाही. फॅब्रिक ओएस ९.० पासून स्विच सर्व्हरला निरोप पाठवतो: 'या वाटेवर कोंडी आहे' किंवा 'या तारेत चुका वाढल्यात.' या निरोपाचं लघुरूप एफपिन. लिनक्समधल्या मल्टिपाथ या सॉफ्टवेअरला तो समजतो. सेटिंग केलेलं असेल तर ते ती वाट 'काठावरची' म्हणून बाजूला ठेवतं आणि चांगल्या वाटेने जातं. मात्र सर्व्हरमधलं कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि मल्टिपाथ या सगळ्यांनाच हा निरोप समजायला हवा. एकालाही समजला नाही तर निरोप हवेत विरतो. त्यामुळे नुसता स्विच नवा घेऊन हे काम होत नाही, आणि विकायला येणारे लोक हे वाक्य सहसा हळू आवाजात बोलतात.

झोनिंग: कोणी कोणाशी बोलायचं?

हा विषय थोडा वेगळा, पण व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये माणसाचा सर्वाधिक वेळ यातच जातो.

फॅब्रिकमध्ये प्रत्येक कार्डाला एक कायमचा नंबर असतो, आठ जोड्यांचा, सोळा अक्षरांचा. कोणता नंबर कोणत्या स्टोरेजशी बोलू शकतो याची यादी म्हणजे झोन. समजा, २० सर्व्हर आणि १ स्टोरेज आहे. सगळे २१ जण एकाच झोनमध्ये टाकले तर कोणीही कोणाशी बोलू शकतो. जोड्या किती? २१ गुणिले २० भागिले २, म्हणजे २१०. आपल्याला हव्या होत्या फक्त २०. उरलेल्या १९० जोड्या म्हणजे विनाकारण उघडी दारं. म्हणून पूर्वी प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळा झोन, असे २० झोन हाताने लिहायचे. सोळा अक्षरांत एक अक्षर चुकलं की तो सर्व्हर मुका.

आता ब्रोकेडमध्ये पिअर झोनिंग आणि सिस्कोमध्ये स्मार्ट झोनिंग आहे. एकच झोन करायचा, त्यात 'हा स्टोरेज मुख्य, बाकीचे सर्व्हर' एवढं सांगायचं. सर्व्हर मुख्याशी बोलतात, आपापसांत नाही. २० झोनचं काम एका झोनमध्ये.

पण झोनिंगमधला खरा धोका टायपिंगचा नाही. फॅब्रिकमध्ये एका वेळी एकच यादी लागू असते. दोन माणसांनी दोन ठिकाणी बसून बदल केले, आणि दुसऱ्याने आपली जुनी यादी लागू केली, तर पहिल्याने जोडलेले सर्व्हर क्षणात डिस्कपासून तुटतात. तार शाबूत, स्विच हिरवा, आणि सर्व्हरला डिस्क दिसत नाही. म्हणून सिस्कोच्या सुधारित झोनिंगमध्ये एक जण बदल करत असताना सगळ्या फॅब्रिकला कुलूप लागतं आणि लागू करण्याआधी 'आताची यादी आणि तुमची यादी यांत एवढा फरक आहे' हे बघता येतं. तो फरक वाचायला एक मिनिट लागतं. नवीन लागलेल्या मुलांनी तो मोठ्याने वाचायची सवय लावावी, मनातल्या मनात नाही.

याच्याच जवळची एक सोय सॅननॅव्हमध्ये आहे: सेटिंगचा एक आदर्श नमुना ठरवून ठेवायचा आणि कोणता स्विच त्यापासून भरकटला ते सॉफ्टवेअरने सांगायचं. पन्नास स्विच असतील तर हे हाताने तपासणं अशक्यच.

गुण, रंग आणि नावं

सॅननॅव्ह उघडलं की पहिल्यांदा दिसतो तो तब्येतीचा पडदा. फॅब्रिकला, स्विचला, सर्व्हरला, स्टोरेजला आरोग्याचे गुण दिलेले असतात आणि गुण कशामुळे कापले तेही दिसतं. साहेबांना हा पडदा फार आवडतो. एका मोठ्या टीव्हीवर लावून ठेवतात.

मला मात्र यात मूल्यमापनाची जुनीच गडबड दिसते. वर्गातल्या चाळीस मुलांचा 'ब' हा सरासरी दर्जा वाचून एकाही मुलाबद्दल काही कळत नाही. गुण का कापले हे उघडून बघितलं तरच उपयोग. पंख्याचा एक तुकडा बंद पडला म्हणून कापलेले गुण आणि एका पोर्टवर फ्रेम गळतायत म्हणून कापलेले गुण, या दोन्हींचं वजन रात्रपाळीच्या माणसासाठी सारखं नसतं.

आणि सॉफ्टवेअर कितीही हुशार असो, नावं आपणच द्यायची असतात. पोर्टला नाव नसेल तर सॉफ्टवेअर सांगणार, 'स्विच ७ चा पोर्ट २३ मंद आहे.' तो पोर्ट कोणाचा? कोणालाच ठाऊक नाही. मग टॉर्च घेऊन कपाटामागे जायचं आणि तार हाताने धरून शोधायची. नावं आणि खुणा लावलेल्या असतील तर शोधपट्टीत दोन अक्षरं टाकली की काम झालं. हजेरीपटावर मुलांची नावं न लिहिता नुसते क्रमांक लिहिले तर काय होईल? तसंच ते.

तारेची तब्येतही आता जागेवरून तपासता येते. पोर्टमधल्या प्रकाश देणाऱ्या छोट्या भागाचं तापमान, जाणारा आणि येणारा प्रकाश किती, हे पडद्यावर दिसतं. काचेच्या ज्या धाग्यातून प्रकाश जातो त्याचा गाभा ५० मायक्रॉनचा, लांब पल्ल्याच्या तारेत तर ९ मायक्रॉनचा. धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश कमी होतो. ब्रोकेडच्या तपासणी पोर्टची सोय वापरली तर तारेची लांबीसुद्धा काही मीटरच्या फरकाने कळते, मग बिघाड जवळच्या टोकाला की लांबच्या, याचा अंदाज येतो.

आपोआप कारवाई करू द्यावी का?

नव्या सॉफ्टवेअरमध्ये 'दोष दिसला की पोर्ट आपोआप बंद कर' अशीही सोय असते. ऐकायला छान वाटतं. पण विचार करा, एका सर्व्हरची ब कडची तार काल रात्रीच बंद पडली आहे, अजून कोणी बदललेली नाही. आज अ कडच्या तारेत थोड्या चुका दिसल्या. सॉफ्टवेअरने नियमाप्रमाणे अ बंद केली. सर्व्हर मेला. प्रत्येक पायरी नियमाला धरून होती.

म्हणून नवीन यंत्रणा लावल्यावर पहिले काही आठवडे नुसत्या सूचना चालू ठेवाव्यात, कारवाई बंद. कोणत्या सूचना रोज येतात, कोणत्या खऱ्या निघतात हे वहीत लिहावं. मग मंद सर्व्हरला कमी महत्त्वाच्या मार्गिकेत टाकण्याची कारवाई सुरू करावी, कारण तिच्यात तार तुटत नाही. पोर्ट बंद करण्याची कारवाई सर्वांत शेवटी, तीही दोन्ही वाटा चालू आहेत याची रोज खात्री होत असेल तरच.

सराव

वही-पेन घ्या. कॅल्क्युलेटर नको.

एका पोर्टची 'क्रेडिट शून्य' मोजणी १० सेकंदांत १२,००,००० ने वाढली. तो पोर्ट किती टक्के वेळ थांबून होता? १५ सर्व्हर आणि १ स्टोरेज एकाच साध्या झोनमध्ये टाकले तर नको असलेल्या जोड्या किती? आणि २५ किलोमीटर लांबीच्या ३२ गिगाबिटच्या तारेला पूर्ण आकाराच्या फ्रेमसाठी साधारण किती क्रेडिट लागतील?

उत्तरं अनुक्रमे: ३० टक्के, १०५ जोड्या आणि ४०० क्रेडिट. पहिलं गणित चुकलं असेल तर मायक्रोसेकंदाचा सेकंद करताना शून्यं मोजून बघा. एक सेकंद म्हणजे दहा लाख मायक्रोसेकंद.